दार गरम लागलं तर

१

धोकेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते गल्लीनं ठेवलेलं नाव, आणि ते इतकं चिकटलं की पोस्टमनसुद्धा त्याच नावानं हाक मारायचा. रंगाच्या कारखान्यात आगीपासून बचावाचं सगळं काम त्यांच्याकडे होतं. रंगाच्या पिंपाला ठिणगी लागली की काय होतं हे त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहिलं, आणि तेव्हापासून त्यांना जिकडेतिकडे धोकाच दिसायला लागला. कुणाकडे चहाला गेले की चहा येईपर्यंत हे फ्रिजच्या मागे डोकं घालून प्लग बघणार. सिनेमाला गेले की पडद्याकडे पाठ करून आधी बाहेर पडायची दारं शोधणार. "अहो, माणसं बघतायत," असं त्यांची बायको, म्हणजे गल्लीच्या वहिनी, दातओठ खाऊन म्हणायच्या, आणि हे म्हणायचे, "बघू देत. जळण्यापेक्षा बरं."

घरी तर विचारूच नका. शेगडीच्या वर कपडा वाळत घालायचा नाही. इस्त्री चालू असताना फोन वाजला तर आधी बटण बंद, मग फोन. काडेपेटी वरच्या फळीवर. झोपायच्या आधी गॅसची टाकी बंद, आणि ती बंद केली हे मोठ्यानं सांगायचं. धोकेसाहेबांचे वडील, आप्पा, त्या वयातही सिगारेट ओढायला दाराबाहेर जायचे, ते हातात पाण्याचा डबा घेऊनच. थोटूक डब्यात बुडवलेलं दाखवल्याशिवाय घरात प्रवेश नाही. "मी तुझा बाप की तू माझा?" असं आप्पा रोज विचारायचे आणि रोज डबा दाखवायचे.

रविवारी सकाळी सराव. धोकेसाहेब धूर झाला की वाजणाऱ्या भोंग्याचं बटण दाबत, "आग!" म्हणून ओरडत, की हातातलं टाकून सगळ्यांनी बाहेर. समोर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, त्याच्या पायरीशी जमायचं आणि ओळीनं आकडा म्हणायचा. आप्पा एक, वहिनी दोन, मुलगी खारू तीन, धोकेसाहेब स्वतः चार. दुकानवाल्याला सगळे पंक्चरकाका म्हणत. तो पान्यानं लोखंडावर ठोकून त्यांचं स्वागत करायचा. "आले बघा, जळलेले आले!"

आप्पा कुरकुरत, वहिनी केस सारखे करत, पण खारू मात्र मनापासून यायची. तिसरीतली पोर, झाडावर चढायची म्हणून खारूताई, आणि मग नुसतीच खारू. बापाची चमची नंबर एक. धोकेसाहेबांनी कारखान्यात शेकडो माणसांना शिकवलं असेल, पण एकदा सांगितलेलं कधीही न विसरणारी ही एकटीच होती. त्यांना तिचा कोण अभिमान.

२

त्या रविवारी वहिनी आप्पांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. मोकळा वेळ मिळाला तसं धोकेसाहेबांच्या डोक्यात आलं की बाहेर पळायचं पोरीला येतं, पण पळताच आलं नाही तर? आत अडकली तर?

त्यांनी पिवळा फ्रॉक घातलेल्या खारूला मागच्या खोलीत पाठवलं. ती तिचीच खोली. बोळाच्या टोकाला दार, आणि पलीकडे बाजूच्या गल्लीत उघडणारी खिडकी. खिडकीला बाहेरून सरकती काच, आतून जाळी, पण ती उघडणारी, आतल्या बाजूला कडी असलेली. न उघडणारी जाळी धोकेसाहेबांनी घरात ठेवलीच नसती. मग त्यांनी रबरी पिशवीत कढत पाणी भरलं आणि ती दाराच्या बाहेरच्या बाजूला सुतळीनं घट्ट बांधली. दार पातळ, पाण्याची ऊब थोड्या वेळात आत पोचली.

"लाव हात," त्यांनी बाहेरून सांगितलं. "तळवा नाही, हाताची पाठ. का?"

"तळवा भाजला तर पुढे काही धरता येत नाही," आतून आवाज.

"शाब्बास. दार गरम लागतंय का?"

"लागतंय बाबा!"

"मग?"

"उघडायचं नाही. फटीत ओला टॉवेल कोंबायचा. खिडकीत कापड हलवायचं. दारावर तीनदा टकटक, थांबायचं, परत तीनदा. आणि बाबा येईपर्यंत थांबायचं."

"बाबा कुठून येणार?"

"खिडकीतून. दारातून नाही."

"आणि बाहेरून कुणी म्हणालं, ये बाई, उघड, आता काही नाही?"

"कुणीही म्हणू दे. आई म्हणाली तरी नाही उघडायचं."

धोकेसाहेबांचा ऊर भरून आला. "कर सुरू. मी गल्लीतून वळसा घालून आलोच," असं म्हणून ते निघाले, आणि उंबऱ्यातच फोन वाजला. कारखान्यात एक पिंप गळत होतं, वास सुटला होता, पहारेकऱ्याची बोबडी वळली होती. धोकेसाहेब चपला अडकवून तसेच धावले.

कारखान्यातलं सगळं निस्तरून, हात धुवून, तिथला चहा पिऊन ते घरी परतले तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. चपला काढताना बोळाच्या टोकाला ती लाल पिशवी दिसली, दाराला तशीच बांधलेली.

"खारू!"

"काय बाबा?" आवाज स्वयंपाकघरातून आला.

ती ओट्यावर बसून दूध पीत होती. पाय हलवत. वरच्या ओठावर सायीची रेघ.

"तू बाहेर कशी आलीस?"

"आले की."

"दारातून?"

"हो. कंटाळा आला."

रागवायला हवं होतं. पण त्यांनी तिला उचलून असं काही छातीशी धरलं की दूध सांडलं. आपण बाप आहोत की कसाई, असं त्यांना वाटत होतं. तिनं गळ्यात हात टाकला. सगळं ठीक होतं.

मग ते पिशवी सोडायला गेले. पिशवीतलं पाणी पार गार झालं होतं. सवयीनं त्यांनी दाराला हाताची पाठ लावली. दार गरम होतं.

त्यांनी दार ढकललं, तर ते अडलं. जोर लावला तेव्हा उघडलं. खाली फटीत ओला टॉवेल कोंबला होता, आतल्या बाजूनं, नीट घडी घालून, एक बोटभरही जागा न सोडता. दार आतल्या बाजूला उघडत होतं. कुणी ते उघडून बाहेर आलं असतं तर टॉवेल आधीच बाजूला सरला असता.

धोकेसाहेबांनी टॉवेल उचलला. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली की ती खिडकीतून निघाली असणार. खिडकीशी गेले तर जाळीची कडी आतून लागलेली. हात आत घालून लावली असेल, पोरांचं काय सांगावं, असं म्हणून त्यांनी टॉवेल पिळून दोरीवर टाकला.

संध्याकाळी वहिनींनी ऐकलं तेव्हा त्यांनी घर डोक्यावर घेतलं. "विसरलात? पोटच्या पोरीला कोंडून विसरलात?" ते मान खाली घालून ऐकत राहिले. टॉवेलचं मात्र त्यांनी सांगितलं नाही.

३

दार गरमच राहिलं.

फार नाही. नुकत्याच बंद केलेल्या इस्त्रीसारखं. कधी सकाळी हात लावला तरी तसंच, पावसात लावला तरी तसंच. धोकेसाहेबांनी वायरमनला बोलावलं. त्यानं भिंत ठोकून पाहिली, टेस्टर लावून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, दारात वायर नसते. तुम्हाला मी हे सांगायचं म्हणजे..." पैसे घेताना त्यानं त्यांच्याकडे जरा काळजीनं पाहिलं.

वहिनींनी हात लावला. "ऊन येत असेल."

"बोळात ऊन?"

"मग तुमचं डोकं तापलं असेल. मला कणभर गरम लागत नाही."

खारूनं पण हात लावला. तळवा लावला, सगळा, अगदी पसरून. धोकेसाहेबांनी ते पाहिलं. "कुठे गरम आहे?" ती म्हणाली, आणि पळाली.

असेल. विसरली असेल. मुलं विसरतात. पण खारू विसरत नसे.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली. वहिनी शेगडीवर दूध तापवत होत्या. ते ऊतू चाललं आणि त्या फडकं शोधत होत्या, तेवढ्यात खारूनं पातेलं दोन्ही हातांनी काठाला धरून उचललं आणि शांतपणे ओट्यावर ठेवलं. वहिनींची किंकाळी ऐकून धोकेसाहेब धावले, पोरीचे हात नळाखाली धरले, फोड बघायला लागले. फोड नव्हते. लालीसुद्धा नव्हती.

"देवानं राखलं ग बाई," म्हणत वहिनी रडत होत्या, तिचे हात आपल्या गालांना लावत होत्या. खारूला त्यांच्या रडण्याचं आश्चर्य वाटत होतं. ती आईकडे बघून हसली. गोड हसली. धोकेसाहेब नळ बंद करायचा विसरून तसेच उभे होते.

४

पुढच्या एका रविवारी नेहमीचा सराव. भोंगा, आरडाओरडा, आप्पांची कुरकुर. सगळे पायरीशी आले. एक, दोन, तीन, चार.

पंक्चरकाकानं पाना ठोकला नाही. तो डोळ्यांवर हात धरून पलीकडे, बाजूच्या गल्लीत बघत होता. त्याच्या दुकानातून मागच्या खोलीची खिडकी तिरकी दिसायची.

"धोकेसाहेब, आज एकाला आतच विसरलात की राव."

"सगळे आहेत. मोजले."

"मग ते खिडकीत कापड कोण हलवतंय?"

धोकेसाहेब वळले. खिडकीत पडदा होता. पडदा हलत होता. त्याच्या कडेला काहीतरी पांढरं दिसलं, आणि ते आत ओढलं गेलं असं त्यांना वाटलं. वारा नव्हता हो त्या दिवशी, दुकानासमोर टांगलेला टायरसुद्धा हलत नव्हता.

"पडदा आहे," वहिनी म्हणाल्या.

"असेल बुवा," पंक्चरकाका म्हणाला. "म्हातारा झालो. मला आपलं वाटलं, लहान हात आहे."

"आत कोणी नाही, बाबा," खारू म्हणाली.

तिला कुणी विचारलं नव्हतं. ती खिडकीकडे बघतही नव्हती. ती धोकेसाहेबांच्या तोंडाकडे बघत होती, टक लावून, आणि तिनं आईचा हात घट्ट धरला होता.

५

टकटक त्यांनी पहिल्यांदा ऐकली ती दुपारी, सुटीच्या दिवशी. खारू मैत्रिणीकडे, वहिनी बाजारात, आप्पा बाहेरच्या खोलीत घोरत. तीनदा. थांबून परत तीनदा. धोकेसाहेबांनी आधी पाण्याचे नळ तपासले. मग लाकूड आकसतं फुगतं, हे त्यांना माहीत होतंच. कारखान्यात रंगाच्या वाफा नाकात जातात, त्यानं कानात आवाज येतात असंही त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. माणूस शिकलेला असला की त्याला कारणांची कमतरता पडत नाही.

पण लाकूड असं मोजून आकसत नाही.

ते बोळात गेले. दारासमोर जमिनीवर बसले. आपण काय करतोय याची त्यांना लाज वाटली, तरी त्यांनी हळूच विचारलं, "कोण आहे?"

 मग अगदी खालून, फटीजवळून, ओल्या फडक्यातून यावा तसा आवाज आला.

"बाबा, दार गरम आहे."

 तो खारूचा आवाज होता. खारूसारखा नव्हे, खारूचा.

"मग... मग बाहेर ये ना बाळा. काही नाही झालेलं. उघड दार."

"नाही. तुम्हीच म्हणालात, कुणीही म्हटलं तरी उघडायचं नाही." आवाजात भीती होती, पण हट्टही होता, आणि थोडी फुशारकीसुद्धा, धडा पाठ म्हणून दाखवताना असायची तशी. "मी टॉवेल लावलाय. तुम्ही खिडकीतून या."

त्यांनी धाडकन दार उघडलं.

खोली रिकामी होती. पलंग, दप्तर, भिंतीला टेकवलेली छत्री. जमीन कोरडी. त्यांनी पलंगाखाली पाहिलं, कपाट उघडलं, वाकून सगळे कोपरे पाहिले. मग बाहेर येऊन दार ओढून घेतलं, आणि दाराला कान लावला.

"बाबा? गेलात का?"

बाहेरच्या दाराची घंटी वाजली. खारू मैत्रिणीकडून आली होती. घामेजलेली, केस विस्कटलेले, हातात अर्धा खाल्लेला पेरू. "तुम्ही असे का बघताय माझ्याकडे?" तिनं विचारलं.  धोकेसाहेबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

६

यानंतर त्यांनी काय करायला हवं होतं हे सांगणं सोपं आहे. खिडकीतून जायला हवं होतं. तसं कबूलच केलं होतं त्यांनी. बाजूच्या गल्लीत वीसेक पावलं, की खिडकी.

पण विचार करा. खिडकीतून कुणी निघालंच नाही, तर आपण वेडे. आणि निघालं, तर घरात जी आहे ती कोण? ती जेवत होती, अभ्यास करत होती, आप्पांच्या डब्यात पाणी भरून देत होती. मध्ये तिला सडकून ताप आला, तेव्हा वहिनी तिच्या उशापासून हलल्या नव्हत्या. तापातून उठली तशी ती सायकल शिकली. पंक्चरकाकानं तिला एक जुनी सायकल नीट करून दिली होती, आणि वहिनी पदर खोचून मागून धावायच्या, "सोडू नको ग, सोडू नको!" म्हणत. पहिल्यांदा तोल सावरून ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली तेव्हा वहिनींनी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. धोकेसाहेबांनीही वाजवल्या. त्या पोरीवर त्यांचा जीव नव्हता असं कोण म्हणेल?

त्यांनी मागची खोली बंद करून टाकली. सामान ठेवायचं निमित्त सांगून खारूचा पलंग बाहेर हलवला. वहिनींना बरंच वाटलं. "त्या खोलीत मला करमत नाही हल्ली," त्या म्हणाल्या, आणि का ते सांगितलं नाही. आप्पांना विचारण्यात अर्थ नव्हता. त्यांना भोंगासुद्धा जेमतेम ऐकू यायचा.

एकदा मात्र ते गेले. भर दुपारी, बाजूच्या गल्लीतून, चोरासारखे. काचेला तोंड लावून पाहिलं. आत रिकामी खोली, धूळ. पण काचेच्या आतल्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, कुणीतरी श्वास सोडल्याचा धुरकट ठसा होता, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तो विरला आणि परत उमटला. त्यांनी काच सरकवायला हात उचलला.

"बाबा, काय करताय?"

गल्लीच्या तोंडाशी खारू सायकलवर एक पाय टेकून उभी होती. रागावलेली नव्हती. घाबरलेली होती. 

"काही नाही ग," ते म्हणाले. "काच बघत होतो."

"चला ना घरी."

ते तिच्याबरोबर घरी गेले. मागे, काचेवर, हलकेच तीनदा वाजलं. दोघांनीही ऐकलं. दोघंही चालत राहिले.

त्या दिवसापासून धोकेसाहेबांना जेवण जाईना. जी आत आहे ती आपल्या शब्दावर थांबली आहे, आणि जी बाहेर आहे ती आपल्या हाताला धरून आहे, आणि दोघींना आपण बाबाच आहोत. हा विचार डोक्यात आला की ते उठून गॅसची टाकी तपासायचे. बंदच असायची.

७

त्या पिशवीच्या दिवसाला वर्ष होत आलं होतं. रविवार होता. धोकेसाहेब दाढी करत होते. भोंग्याच्या बटणाला त्यांनी हात लावला नव्हता, आणि भोंगा वाजला.

"आज लवकर उरकायचं का?" वहिनी स्वयंपाकघरातून ओरडल्या. आप्पा "आलो, आलो, जळलो एकदाचा," म्हणत काठी शोधायला लागले. सगळ्यांना सरावच वाटला. धोकेसाहेब अर्ध्या गालावर फेस घेऊन बोळाच्या तोंडाशी आले.

मागच्या खोलीचं दार जळत होतं. भिंत नव्हे, छत नव्हे, आजूबाजूचं काही नव्हे. दाराच्या मधोमध, पिशवी बांधली होती त्या जागी, लाकूड काळं पडलं होतं आणि कडेनं लाल धार पसरत होती. धूर छताशी जमायला लागला होता.

"आग!" ते ओरडले. "खरी! खरी आहे! निघा!"

बघण्यासारखं होतं ते. आप्पा काठी टाकून चालले. वहिनींनी शेगडी बंद केली, खारूचा हात पकडला आणि मागे न बघता बाहेर. धोकेसाहेबांनी भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं काढलं, खिटी ओढली, आगीच्या बुडाशी धरलं. पांढरी भुकटी उडाली, आग बसली, आणि दम घेऊन परत उठली. भुकटी संपली. आता आग बोळाच्या छताला लागली होती. रिकामं नळकांडं टाकून ते वाकून बाहेर पडले, दार ओढून घेतलं. हवा मिळायला नको.

पायरीशी पंक्चरकाका बंबाला फोन लावत होता.

"एक," आप्पा म्हणाले. दम लागला होता.

"दोन," वहिनी.

"तीन," खारू.

"चार," धोकेसाहेब म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं. सगळे बाहेर होते. इतकी वर्षं लोकांनी टिंगल केली, पण आज सगळे बाहेर होते.

आणि मग टकटक ऐकू आली. हलकी नाही, आता दोन्ही मुठींनी. तीनदा, तीनदा, आणि मग मोजमाप सुटलं, नुसतं धडाधडा. खोकला. "बाबा! बाबा!"

"अहो, आत पोर आहे!" पंक्चरकाकाच्या हातातून फोन पडला. "साहेब, आत पोर आहे!"

 वहिनींनी आवाज ओळखला. त्यांनी बाजूच्या खारूकडे पाहिलं, मग घराकडे, मग परत खारूकडे.

"आत कोणी नाही," खारू रडत म्हणाली. "बाबा, नका जाऊ. आई, सांग ना त्यांना. आत कोणी नाही. मी इथे आहे. मी इथेच आहे ना?"

धोकेसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. सायकल शिकताना फुटलेल्या तिच्या गुडघ्यावर खपली होती. त्यांनी तिच्या गालावर हात ठेवला. मग ते धावले.

८

बाजूच्या गल्लीत धूर खिडकीच्या वरच्या फटीतून झिरपत होता. काच आतून काळवंडली होती. धोकेसाहेबांनी विटेचा तुकडा उचलून ती फोडली आणि चौकटीशी वाकून आत पाहिलं.

धुराच्या खाली हातभर स्वच्छ जागा राहते, तिथे, दाराजवळ, एक लहान पाठ होती. पोर गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी फटीतला टॉवेल दाबून धरत होती. टॉवेलमधून वाफ निघत होती.

"खारू," ते म्हणाले. "बाळा. मी आलो. खिडकीतून आलो."

ती वळली. तोंड काजळीनं माखलेलं, डोळे लाल. त्यांना बघून तिनं रडायला सुरुवात केली नाही. ती रांगत आली, पोट जमिनीला टेकवून, शिकवल्याप्रमाणे, आणि आधी जाळीच्या कडीला हाताची पाठ लावून पाहिली, मग कडी काढली. त्यांनी हात आत घातले आणि तिला बाहेर ओढलं.

ती हलकी होती. परवाच त्यांनी झोपलेल्या खारूला पलंगावर नेऊन ठेवलं होतं, तेव्हा कमरेत उसण भरली होती. ही त्यामानानं काहीच नव्हती. अंगात तो पिवळा फ्रॉक होता. आखूड होतो म्हणून वहिनींनी तो केव्हाच भांडीवालीच्या मुलीला देऊन टाकला होता.

"किती वेळ लावलात बाबा," ती त्यांच्या मानेत तोंड खुपसून म्हणाली. "मला वाटलं तुम्ही विसरलात."

 तिला घट्ट धरून, अडखळत, ते गल्लीतून पुढे आले. बंब आला होता. नळ्या सोडत होते, माणसं ओरडत होती, आणि छताची कौलं तडतडत होती.

पायरीशी आप्पा बसले होते, गुडघ्यात मान घालून. वहिनी उभ्या होत्या. त्यांचा उजवा हात अंगापासून जरा दूर, खाली, अर्धवट मिटलेला होता. त्या हाताकडेच बघत होत्या. हातात काही नव्हतं.

"मी सोडला नव्हता," त्या म्हणाल्या. "अहो, मी सोडला नव्हता. तुम्ही वळलात, आणि ती म्हणाली, आई, मला गरम होतंय. पहिल्यांदाच म्हणाली हो. मी घट्ट धरला होता."

मग त्यांनी वर पाहिलं आणि कडेवरच्या पोरीला पाहिलं. पिवळा फ्रॉक पाहिला. त्यांच्या तोंडून आवाज निघाला तो आनंदाचा होता की कशाचा, हे धोकेसाहेबांना पुढेही कधी ठरवता आलं नाही. वहिनींनी पुढे येऊन तिला जवळ घेतलं, काजळी पुसली, मुके घेतले. ती त्यांचीच होती, यात शंकेला जागा नव्हती. "आई, उद्या चाचणी आहे," पोर म्हणाली. "माझा अभ्यास राहिला." ती चाचणी कधीच होऊन गेली होती. दुसऱ्या कुणीतरी ती दिली होती, आणि मार्क चांगले पडले म्हणून वहिनींनी तिला कवटाळलं होतं.

एक जवान धावत आला. तोंडावरचा मुखवटा वर सारलेला, श्वास फुललेला.

"सगळे बाहेर आहेत ना? आत कोणी राहिलंय?"

आप्पांनी मान वर केली नाही.

"लवकर सांगा, छप्पर बसतंय! आत कोणी आहे?"

वहिनींनी पोरीचं डोकं आपल्या छातीशी दाबून धरलं. कान झाकले जातील असं. आणि घराकडे बघत म्हणाल्या, "आहे. माझी मुलगी आहे."

जवानानं कडेवरच्या मुलीकडे पाहिलं. या बाईंना धक्का बसलाय, असं त्याच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं. तो धोकेसाहेबांकडे वळला. "साहेब, तुम्ही या कामातले आहात ना? तुम्ही सांगा. आहे का कोणी?"

धोकेसाहेबांनी पेटलेल्या घराकडे पाहिलं. आतून आता काहीच ऐकू येत नव्हतं. टकटक नाही, हाक नाही. तिला तसं करायला कुणी शिकवलंच नव्हतं.

"आहे," ते म्हणाले. "नऊ वर्षांची आहे. जा."

जवानानं मुखवटा खाली ओढला आणि तो आत गेला.